दोन साम्राज्यांच्या मध्ये सयाम : लहान राष्ट्राच्या स्वातंत्र्याची किंमत

लहान राष्ट्राने दोन बलाढ्य सत्तांच्या मध्ये आपले अस्तित्व कसे राखावे, हा प्रश्न केवळ आधुनिक काळातच निर्माण झाला असे समजण्याचे कारण नाही. तथागतांच्या हयातीत गंगेच्या खोऱ्यात मगध आणि कोसल ही दोन राज्ये विस्तारत होती आणि त्यांच्या सीमांवर वज्जी, मल्ल, शाक्य, कोलिय इत्यादी गणराज्ये नांदत होती. या गणांचे पुढे काय झाले हे आपणांस ठाऊक आहे. परंतु ते का झाले, याची जी कारणमीमांसा पालि वाङ्मयाने केली आहे, तिच्याकडे राजनीतीच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

महापरिनिब्बानसुत्ताच्या आरंभी मगधराज अजातसत्तूचा महामात्य वस्सकार ब्राह्मण, वज्जींचा उच्छेद करण्याचा आपल्या राजाचा मनोदय घेऊन राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर येतो. तथागत त्याला थेट उत्तर देत नाहीत. ते आनंदाला वज्जींविषयी सात प्रश्न विचारतात. हे सात अपरिहानिय धम्म आमच्या वाचकांना परिचित आहेत. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वारंवार सभा भरविणे, एकजुटीने कार्य करणे, स्थापित नियम पाळणे, स्त्रियांवर बळजबरी न करणे अशा या सात गोष्टींपैकी एकीचाही संबंध सैन्याशी, तटबंदीशी किंवा परराज्यांशी केलेल्या तहाशी नाही. वस्सकाराने त्यातून अचूक निष्कर्ष काढला. वज्जींना युद्धाने जिंकता येणार नाही. त्यासाठी उपलापन किंवा मिथुभेद, म्हणजे गोडीगुलाबीने वश करणे किंवा आपसांत फूट पाडणे, हाच मार्ग आहे. पुढे त्याने वैशालीत राहून तीन वर्षांत ही फूट घडवून आणली, असे अट्ठकथा सांगते.

दुसरे उदाहरण शाक्यांचे आहे. ते कोसलाचे मांडलिक होते. धम्मपद-अट्ठकथा व भद्दसाल जातक यांतील कथेनुसार कोसलराज पसेनदीने शाक्यकन्येची मागणी केली, तेव्हा नकार देण्याचे सामर्थ्य शाक्यांत नव्हते आणि आपल्याहून हीन मानलेल्या कुळात मुलगी देण्याची त्यांची तयारीही नव्हती. म्हणून महानाम शाक्याला दासीपासून झालेली वासभखत्तिया ही कन्या कुलीन म्हणून पाठविण्यात आली. तिचा पुत्र विडूडभ आजोळी आला, तेव्हा तो ज्या आसनावर बसला होता ते आसन त्याच्या पाठीमागे दुधपाण्याने धुण्यात आले. ही वार्ता त्याच्या कानी गेली आणि तिचे पर्यवसान शाक्यांच्या संहारात झाले. अट्ठकथा उत्तरकालीन असल्यामुळे तिचा प्रत्येक तपशील इतिहास म्हणून स्वीकारता येणार नाही. परंतु शाक्यांच्या नाशाचे कारण म्हणून परंपरेने जातिमद नोंदविला आहे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

पालि परंपरा अशा रीतीने लहान राष्ट्राच्या विनाशाची दोन कारणे सांगते : अंतर्गत भेद आणि उच्चत्वाचा अहंकार. ही दोन्ही कारणे घराच्या आतली आहेत. हा निकष कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी आम्ही प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकातील सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, इतिहास तपासणार आहोत. आग्नेय आशियातील हे एकमेव राष्ट्र युरोपीय सत्तांची वसाहत झाले नाही. ते का झाले नाही, आणि त्यासाठी किंमत कोणी दिली, हे दोन्ही प्रश्न सारख्याच महत्त्वाचे आहेत.

पूर्वेस फ्रान्स, पश्चिमेस ब्रिटन

१७६७ साली ब्रह्मी सैन्याने सयामची राजधानी अयुथ्या जाळून उद्ध्वस्त केली. त्या विध्वंसातून १७८२ साली बँकॉक येथे चक्री राजवंशाची स्थापना झाली. या वंशाचा पहिला राजा प्रथम राम याने १७८८ साली भिक्खूंची संगीती भरवून तिपिटकाच्या प्रतींचे संशोधन करविले. सयामच्या दृष्टीने त्या काळी मुख्य शत्रू ब्रह्मदेश हाच होता. परंतु पुढील पन्नास वर्षांत हे चित्र पालटले.

पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर १८२६ साली यांदाबोच्या तहाने आराकान व तेनासरीम हे प्रांत इंग्रजांकडे गेले आणि ब्रिटिश हिंदुस्थानची सीमा सयामला येऊन भिडली. १८५२ साली दक्षिण ब्रह्मदेश गेला. पूर्वेकडे १८५९ साली फ्रेंचांनी सायगाव घेतले, १८६२ साली व्हिएतनामच्या राजाकडून दक्षिणेचे प्रांत लिहून घेतले आणि १८६३ साली कंबोडियावर आपले संरक्षण लादले. कंबोडियाचा राजा नोरोदोम हा तोवर सयामचे अधिराज्य मानीत होता. तिकडे अफूच्या युद्धात चीनसारख्या महाकाय साम्राज्याचा झालेला पराभव सयामच्या राजदरबाराने पाहिला होता. जेथे चीन टिकला नाही तेथे आपण तोफांच्या बळावर टिकू, अशी भ्रांती बाळगण्यास जागा उरली नव्हती.

भिक्खू राजा

अशा वेळी १८५१ साली सिंहासनावर आला तो मोंगकुट, म्हणजे चतुर्थ राम. पालि शब्द 'मकुट' हाच त्याच्या नावाचा मूळ आधार होय. राज्याभिषेकापूर्वी तो सत्तावीस वर्षे भिक्खू होता. भिक्खू म्हणून त्याचे नाव वजिरञाण असे होते. तो पालिचा मर्मज्ञ पंडित होता. विनयाच्या काटेकोर पालनासाठी त्याने जी सुधारणा-चळवळ सुरू केली, तिच्यातूनच धम्मयुत्तिक निकाय उदयास आला. याच काळात तो ख्रिस्ती धर्मोपदेशकांकडून लॅटिन व इंग्रजी शिकला, खगोलशास्त्राचा अभ्यास केला आणि वृत्तपत्रे वाचू लागला. विहारात असताना त्याने भिक्षाटनाच्या निमित्ताने प्रजेचे जीवन जवळून पाहिले, ही गोष्टही विसरता येणार नाही.

१८५५ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगचा गव्हर्नर सर जॉन बाउरिंग बँकॉकला आला आणि महिन्याभराच्या आत तह झाला. या तहान्वये आयात मालावर फक्त तीन टक्के जकात घेण्याचे बंधन सयामवर आले, ब्रिटिश प्रजाजनांवर सयामच्या न्यायालयांचा अधिकार राहिला नाही आणि अफूला जकातमुक्त प्रवेश मिळाला. हा विषम तह होता, हे नाकारता येणार नाही. परंतु मोंगकुटाने त्यानंतर जे केले त्यात त्याची दूरदृष्टी दिसते. एकट्या ब्रिटनशी बांधून न घेता त्याने पुढील वर्षीच अमेरिका व फ्रान्स यांच्याशी तसेच तह केले. नंतरच्या काही वर्षांत डेन्मार्क, पोर्तुगाल, नेदरलँड्स आणि प्रशिया यांच्याशीही तह झाले. सयाममध्ये हितसंबंध असलेली राष्ट्रे जितकी अधिक, तितके एकाच राष्ट्राला तो देश गिळणे अवघड, असा त्यामागील विचार होता.

१८६७ साली पॅरिसला गेलेल्या आपल्या वकिलास मोंगकुटाने लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. नदीच्या वरच्या अंगास पोहत जाऊन मगरीशी मैत्री करावी, की समुद्राकडे जाऊन देवमाशाला धरून राहावे, असा पेच त्याने त्यात मांडला आहे. मगर म्हणजे फ्रान्स आणि देवमासा म्हणजे ब्रिटन, हे उघड आहे. आपले घर सांभाळता आले तरी पुरे, त्यासाठी पूर्वीची काही सत्ता व प्रतिष्ठा सोडावी लागली तरी हरकत नाही, असा त्याच्या विचाराचा रोख होता. त्याच वर्षी सयामने कंबोडियावरील फ्रेंच संरक्षणास मान्यता दिली. त्या बदल्यात बट्टंबाँग व सिएमरीप हे प्रांत सयामकडे राहिले. दूरच्या अधिराज्याचा आग्रह सोडून मूळ भूमी राखावयाची, या धोरणाचा हा आरंभ होता.

रत्नागिरीतील राजा

सयामने जे केले त्याचे महत्त्व समजण्यासाठी शेजारच्या ब्रह्मदेशाकडे पाहणे आवश्यक आहे. या इतिहासाची एक खूण महाराष्ट्राच्या भूमीवर उभी आहे. रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहावयास जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हे माहीत असते की, तेथे राहिलेला राजा थिबा हा मंडालेच्या त्या मिंदोन राजाचा पुत्र होता, ज्याने १८७१ साली पाचवी धम्मसंगीती भरविली आणि संपूर्ण तिपिटक ७२९ संगमरवरी शिलापट्टांवर कोरवून घेतले.

थिबालाही दोन सत्तांचा तोल साधावयाचा होता. इंग्रजांच्या विरुद्ध फ्रान्सचा आधार मिळविण्यासाठी त्याच्या वकिलांनी पॅरिसमध्ये वाटाघाटी केल्या आणि १८८५ च्या जानेवारीत फ्रान्सशी व्यापारी तह झाला. त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सागवानाच्या कंपनीवर जादा लाकूडतोडीच्या आरोपावरून ब्रह्मी दरबाराने जबर दंड बसविला. इंग्रजांनी ते निमित्त केले आणि निर्वाणीचा खलिता पाठविला. फ्रान्समध्ये तोवर ज्यूल्स फेरीचे मंत्रिमंडळ टोंकिनच्या प्रकरणात कोसळले होते. फ्रान्सने बोटही उचलले नाही. नोव्हेंबर १८८५ मध्ये अवघ्या पंधरवड्याच्या मोहिमेत मंडाले पडले, १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाले आणि थिबाला रत्नागिरीला आणण्यात आले. १९१६ साली तेथेच त्याचा अंत झाला. परागंदा राजाचे जिणे तो तीस वर्षे जगला.

थिबाचे धोरण तत्त्वतः मोंगकुटाच्या धोरणाहून फारसे वेगळे नव्हते. मग तो का बुडाला? भूगोल त्याच्या विरुद्ध होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानला लागून होता आणि त्याचा समुद्रकिनारा आधीच गेला होता. परंतु याखेरीज घरातील दोन गोष्टी त्यास कारणीभूत झाल्या. १८७९ साली सिंहासनाच्या सुरक्षिततेसाठी थिबाच्या दरबारात राजकुळातील सुमारे ऐंशी आप्तांची कत्तल झाली. राज्यात असा मिथुभेद माजला असता बाहेरच्या शत्रूला कारण शोधावे लागत नाही. दुसरी गोष्ट पादत्राणांची. राजासमोर येताना वकिलाने पादत्राणे काढून जमिनीवर बसावे, हा ब्रह्मी दरबाराचा शिष्टाचार होता. इंग्रजांनी १८७५ नंतर तो मानण्याचे नाकारले आणि दरबाराने तो सोडण्याचे नाकारले. इंग्रजांच्या उद्दामपणाबद्दल शंका नाही. परंतु परिणाम असा झाला की, ब्रिटिश वकील आणि ब्रह्मी राजा यांची समक्ष भेटच बंद झाली, आणि ज्या काळात संवादाची सर्वाधिक गरज होती त्याच काळात संवादाचे दार लागले.

सयाममध्ये याच सुमारास काय घडत होते? मोंगकुटाचा पुत्र चुलालंकरण, म्हणजे पंचम राम, हा १८६८ साली वयाच्या पंधराव्या वर्षी राजा झाला. त्याने १८७१ साली सिंगापूर व जावा आणि १८७१-७२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान पाहिला. कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत त्याने प्रवास केला. वसाहतीचे राज्य कसे चालते हे त्याने डोळ्यांनी पाहिले. १८७३ साली सज्ञान राजा म्हणून त्याचा पुन्हा अभिषेक झाला, त्या प्रसंगी त्याने दरबारात राजासमोर लोटांगण घालण्याची प्रथाच रद्द केली. पुढच्याच वर्षी दासांच्या मुलांना टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याचा कायदा केला. १९०५ साली दासप्रथा कायद्याने संपूर्ण रद्द झाली. युरोपच्या नजरेत सयामला 'रानटी' ठरविण्याचे निमित्त मिळू नये, हाही त्यामागील एक हेतू होता. हेतू कोणताही असो, दास मुक्त झाला ही गोष्ट खरी.

१८९३ चा आघात

एवढे करूनही सयाम सुरक्षित झाला नाही. १८८५ साली युरोपात असलेल्या काही राजपुत्रांनी व अधिकाऱ्यांनी राजाला एक निवेदन पाठविले. त्याचा प्रमुख लेखक राजपुत्र पृस्दांग हा युरोपातील सयामचा वकील होता. परकीय सत्तांच्या सौजन्यावर, त्यांच्या परस्पर मत्सरावर किंवा तहाच्या कागदांवर विसंबून राष्ट्र टिकणार नाही, राज्यकारभाराचीच पुनर्रचना केली पाहिजे आणि राजाची सत्ता संविधानाने नियमित केली पाहिजे, असे या निवेदनाचे सार होते. राजाने कारभाराची पुनर्रचना स्वीकारली, संविधान नाकारले. १८९२ साली बारा मंत्रालयांची स्थापना झाली. पृस्दांग मात्र पुढे राजाच्या मर्जीतून उतरला. त्याच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

१८९३ साली मेकाँगच्या पूर्वेकडील लाओ प्रदेशावरून फ्रान्सशी संघर्ष पेटला. १३ जुलै रोजी दोन फ्रेंच युद्धनौका पाकनामच्या किल्ल्यावरून गोळीबार झेलीत बँकॉकपर्यंत घुसल्या आणि फ्रान्सने निर्वाणीचा खलिता दिला. सयामने ब्रिटनकडे आशेने पाहिले. ब्रिटनने मागण्या मान्य करण्याचा सल्ला दिला. ३ ऑक्टोबरच्या तहाने मेकाँगचा संपूर्ण पूर्व तीर फ्रान्सकडे गेला, पश्चिम तीरावर २५ किलोमीटरच्या पट्ट्यात सैन्य ठेवण्यास सयामला मनाई झाली, आणि अटींच्या पूर्ततेचे तारण म्हणून चंथबुरी हे शहर फ्रेंचांनी ताब्यात ठेवले.

आठ वर्षांपूर्वी थिबाला फ्रान्सने जसे वाऱ्यावर सोडले, तसेच चुलालंकरणाला ब्रिटनने सोडले. बलाढ्य मित्र हा आपल्या हितापुरताच मित्र असतो, हा धडा दोन्ही प्रसंगांतून मिळतो. पण सयामचे राज्य आतून कोसळले नाही आणि येथेच दोन इतिहासांचे मार्ग वेगळे होतात. १५ जानेवारी १८९६ रोजी ब्रिटन व फ्रान्स यांनी परस्परांत घोषणापत्र केले आणि चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात दोघांनीही सैन्य न घालण्याचे मान्य केले. दोघांनाही आपापल्या सरहद्दी एकमेकांना भिडू द्यावयाच्या नव्हत्या. मधली भिंत म्हणून सयाम त्यांना हवा होता. हे घोषणापत्र करताना सयामला विचारण्यात आले नव्हते, ही बाब लहान राष्ट्रांच्या अभ्यासकाने अधोरेखित केली पाहिजे.

यापुढील सयामी धोरणात विशेष कौशल्य आहे ते सल्लागारांच्या निवडीत. प्रधान सल्लागार म्हणून बेल्जियमचा विधिज्ञ गुस्ताव्ह रोलँ-जॅकमँ यास नेमण्यात आले होते. नौदलात डॅनिश अधिकारी होते, रेल्वेच्या बांधणीत जर्मन अभियंते होते, अर्थखात्यात इंग्रज होते. १९०३ पासून प्रधान सल्लागारपदी अमेरिकन आले. एकाही खात्याच्या आधारे एकच परकी सत्ता संपूर्ण राज्यावर पकड बसवू शकणार नाही, अशी ही योजना होती. परराष्ट्रखाते मात्र १८८५ पासून १९२३ पर्यंत एकाच सयामी मंत्र्याच्या, राजपुत्र देववंश याच्या हाती राहिले. १८९७ साली राजाने स्वतः युरोपचा दौरा केला. रशियाचा झार दुसरा निकोलस याच्याशी त्याची जुनी ओळख होती, कारण युवराज असताना १८९१ साली तो बँकॉकला येऊन गेला होता. झारच्या शेजारी बसलेल्या आशियाई राजाचे छायाचित्र युरोपभर प्रसिद्ध झाले. ते निव्वळ शिष्टाचाराचे छायाचित्र नव्हते.

तिपिटक आणि अस्थिधातू

बौद्ध वाचकांच्या दृष्टीने या इतिहासात एक विशेष प्रकरण आहे. ज्या १८९३ साली फ्रेंच युद्धनौका बँकॉकमध्ये घुसल्या, त्याच साली चुलालंकरणाच्या राज्यारोहणाच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त पालि तिपिटकाची सयामी लिपीतील ३९ खंडांची मुद्रित आवृत्ती पूर्ण झाली. तिचे संच जगभरातील विद्यापीठांस व ग्रंथालयांस भेट म्हणून पाठविण्यात आले. सयाम हे एका प्राचीन विद्येचे वारस असलेले सुसंस्कृत राष्ट्र आहे, हे तोफेविना सांगण्याचा तो मार्ग होता. पालिच्या पाश्चात्त्य अभ्यासकांना या आवृत्तीचा फार उपयोग झाला.

दुसरा प्रसंग पिपरहवाचा. १८९८ च्या जानेवारीत तत्कालीन बस्ती जिल्ह्यातील पिपरहवा येथील स्तूप विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने खणला आणि त्यात कोरीव लेख असलेले पात्र, अस्थिधातू व रत्ने सापडली. त्या वेळी तेथे येऊन पोहोचला एक सयामी भिक्खू. त्याचे नाव जिनवरवंस. हा दुसरा कोणी नसून, १८८५ च्या निवेदनाचा लेखक, सयामचा माजी वकील, राजपुत्र पृस्दांग होता. त्याने १८९६ साली सिंहलद्वीपात प्रव्रज्या घेतली होती. हे अस्थिधातू बौद्ध जगातील एकमेव स्वतंत्र बौद्ध नृपतीस, म्हणजे सयामच्या राजास द्यावेत, अशी सूचना त्याने केली. ब्रिटिश सरकारने ती मान्य केली. १८९९ साली सयामचा प्रतिनिधी ते घेऊन गेला आणि राजाने त्यांचे अंश ब्रह्मदेश व सिंहलद्वीप येथील बौद्धांनाही दिले. बँकॉकच्या सुवर्णगिरी चैत्यात ते प्रतिष्ठापित आहेत.

ब्रिटिश सरकारच्या या औदार्याकडे भाबडेपणाने पाहून चालणार नाही. त्याच काळात अनागारिक धम्मपाल बोधगयेच्या महाविहारासाठी लढत होते आणि महंताच्या ताब्यातून ते पवित्र स्थान सोडविण्यास हेच सरकार तयार नव्हते. हिंदुस्थानातील बौद्धांना न्याय नाकारावयाचा आणि सयामच्या राजाला धातू देऊन फ्रान्सच्या तुलनेत त्याची मैत्री मिळवावयाची, असा या दोन घटनांचा एकत्र अर्थ आम्हांस दिसतो. पेपेच्या वंशजांकडे राहिलेली त्या स्तूपातील रत्ने २०२५ साली हाँगकाँग येथे लिलावास निघाली आणि भारत सरकारच्या हरकतीनंतर ती भारतात परत आली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या वाटणीचा हिशेब असा आजवर चालत आला आहे.

किंमत कोणी दिली?

सयामचे स्वातंत्र्य टिकले, पण ते अभंग राहिले नाही. १९०४ व १९०७ च्या तहांनी मेकाँगच्या पश्चिम तीरावरील काही प्रदेश आणि नंतर बट्टंबाँग, सिएमरीप व सिसोफोन हे प्रांत फ्रान्सला मिळाले. १९०९ च्या तहाने केदाह, पर्लिस, केलांतन व त्रेंगानू या मलय राज्यांवरील हक्क ब्रिटनला गेले. त्या बदल्यात परकीय प्रजाजनांवरील न्यायाधिकार अंशतः परत मिळाला आणि दक्षिणेच्या रेल्वेसाठी ब्रिटनच्या बाजूने ४० लाख पौंडांचे कर्ज मिळाले. १९१७ साली सयामने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, फ्रान्सच्या भूमीवर एक लहान तुकडी पाठविली आणि त्या बळावर राष्ट्रसंघात संस्थापक सदस्य म्हणून प्रवेश मिळविला. विषम तह १९२० पासून एकेक करून बदलत गेले आणि १९३७ मध्ये पूर्ण संपले. बाउरिंगने जे घेतले ते परत मिळविण्यास ब्याऐंशी वर्षे लागली.

येथवरचा इतिहास सयामी राजघराण्याच्या गौरवाचा म्हणून सांगितला जातो. आम्हांस मात्र येथे थांबता येत नाही. जे प्रांत दिले गेले, त्यांतील लाओ, ख्मेर आणि मलय लोकांना कोणी विचारले? सयाम हे ब्रिटन-फ्रान्सच्या समोर लहान राष्ट्र होते. लाओंच्या समोर ते मोठे साम्राज्य होते. १८२८ साली सयामी सैन्याने लाओंची राजधानी व्हिएन्तियान उद्ध्वस्त केली होती आणि तेथील लोकांना हजारोंनी मेकाँगच्या या तीरावर हलविले होते. पट्टानीच्या मलय मुस्लिम राज्याचा उरलासुरला स्वायत्त कारभार १९०२ साली बँकॉकने संपविला. त्याच्या सुलतानाला कैदेत टाकले. त्या जखमेतून आजही रक्त वाहते. त्याच १९०१-०२ मध्ये ईशान्येकडील लाओभाषी शेतकऱ्यांचे बंड झाले आणि ते बंदुकांनी मोडण्यात आले. १९०२ च्या संघविषयक कायद्याने देशभरातील भिक्खू एका केंद्रीय अधिकारश्रेणीत बांधले गेले. त्यामुळे शिक्षणाचा प्रसार झाला, हे खरे. परंतु प्रादेशिक परंपरा दबल्या आणि संघ राज्याचे एक अंग बनला, हेही तितकेच खरे. विनयातील संघ हा आपले निर्णय सभेत, ञत्तिकम्माने घेणारा समुदाय आहे. त्याला राजाज्ञेची उतरंड परकी आहे.

देशाचे स्वातंत्र्य आणि देशातील माणसांचे स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपणांस वारंवार बजावले. सयामचा इतिहास त्याचा पुरावा आहे. १८८५ च्या निवेदनातील संविधानाची मागणी राजाने बाजूला ठेवली. शेवटी २४ जून १९३२ रोजी अनियंत्रित राजसत्तेचा अंत क्रांतीने करावा लागला. राष्ट्राने बाहेरच्या सत्तांशी जे कौशल्य दाखविले ते आतल्या जनतेशी दाखविले नाही, म्हणून त्या देशाच्या राजकारणात लष्कराने पुन्हा पुन्हा हस्तक्षेप केला, असे आमचे मत आहे.

उपसंहार

आरंभी घेतलेल्या निकषाकडे आता वळू. सयाम टिकला त्याची कारणे सांगताना भूगोलाचा वाटा मोठा आहे, हे आम्ही मान्य केले आहे. मुत्सद्देगिरीचाही वाटा आहे : अनेकांशी तह, अनेक देशांचे सल्लागार, योग्य वेळी माघार. परंतु ब्रह्मदेशाशी तुलना केली असता शिल्लक उरतो तो फरक घराच्या आतला आहे. एका दरबाराने आपल्याच आप्तांची कत्तल केली. दुसऱ्याने मतभेद असूनही राजपुत्रांना मंत्रालये सांभाळावयास दिली. एक दरबार पादत्राणांवर अडून बसला. दुसऱ्याने लोटांगणाची प्रथा स्वतःहून काढून टाकली. शाक्यांनी आसन धुतले आणि राज्य गमावले. सयामने आपला जुना मान काही अंशी सोडला आणि राज्य राखले. जेथे तो मान सोडला नाही, तेथे, म्हणजे लाओ आणि मलय प्रजेच्या बाबतीत, त्याचे प्रश्न आजही सुटलेले नाहीत.

डॉ. बाबासाहेबांनी १९५४ साली राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना चीनशी केलेल्या करारातील पंचशीलावर विसंबून राहण्याविरुद्ध इशारा दिला होता. पंचशील हे बुद्धधम्माचे अंग आहे, आणि ज्याची त्या शीलावर श्रद्धा असेल त्याने आपल्या देशातील बौद्धांशी निराळे वर्तन केले असते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. म्हणजे परराष्ट्राच्या वचनाची कसोटीही त्यांनी घरातल्या वर्तनावरच लावली. १९६२ साली त्या इशाऱ्याचा अर्थ देशाला कळला. आम्हांस असे वाटते की, हीच महापरिनिब्बानसुत्ताची दृष्टी आहे. तथागतांनी वस्सकाराला वज्जींच्या सैन्याची संख्या सांगितली नाही. वज्जी एकमेकांशी कसे वागतात, एवढेच त्यांनी आनंदाला विचारले.

बलाढ्यांच्या मध्ये सापडलेल्या प्रत्येक लहान राष्ट्राला, आणि राष्ट्राच्या आत बलाढ्यांच्या मध्ये सापडलेल्या प्रत्येक लहान समाजालाही, हा प्रश्न स्वतःला विचारावाच लागेल. मित्र कोण आणि शत्रू कोण हे काळानुसार बदलत जाते. आपली सभा भरते की नाही, भरल्यावर ती एकजुटीने उठते की नाही, आणि तिच्यात सर्वांत दुर्बल माणसाला बसावयास आसन मिळते की नाही, हे मात्र आपल्याच हाती असते.